मैत्रीचा मुलगा काळाच का?

गेल्या दशलक्षणात बेळगावातल्या एका बस्तीत व्याख्यानाला गेले होते. कंग्राळीहून आम्ही चौघीजणी रिक्षा करून गेलो. वक्ते बाहेरगावचे. बोलणं गोड, मराठी शुद्ध, मागे पडद्यावर चित्रं. पहिल्याच चित्रात एक जपानी शास्त्रज्ञ. वक्ते म्हणाले, २०१६ साली यांना नोबेल मिळालं ते उपवासाबद्दल. आपल्या तीर्थंकरांनी सांगितलं ते जगाला आत्ता कळलं! टाळ्या. मग अनस्तमित पाळणाऱ्यांना साखर होत नाही, कंदमुळं न खाणाऱ्यांना कर्करोग होत नाही, गाळून पाणी पिणारे जास्त जगतात, असं एकापाठोपाठ एक. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘हे सिद्ध झालेलं आहे’. कुणी सिद्ध केलं, कुठं, किती माणसांवर, हे त्यांनी सांगितलं नाही आणि आमच्यापैकी कुणी विचारलंही नाही. मीपण नाही. देवासमोर बसून वाद कसा घालायचा, असं वाटलं. त्या गप्प बसण्याची लाज मला आजही आहे, आणि हा लेख त्यातूनच लिहितेय.

माझ्या शेजारी माझी धाकटी जाऊ बसली होती. तिला अकरा वर्षांची साखर. तिनं दहा दिवस एकाशन केलं आणि गोळ्या बंद केल्या. चौथ्या दिवशी दुकानात जाऊन रक्त तपासून आली, आकडा उतरलेला! कागद माझ्यापुढं नाचवत म्हणाली, “बघ गे अक्का, अकरा वर्षं डाक्टरला जमलं नाही ते चार दिवसांत झालं.” मी म्हटलं, “अगं, पोटात काही नसलं तर आकडा उतरणारच की. रोग गेला असं कुठं लिहिलंय?” ती हसली. “तुला सगळ्यातच खोट दिसतीया.” पारणं झालं, जेवण पहिल्यासारखं सुरू झालं, गोळ्या मात्र परत सुरू झाल्या नाहीत. दोन महिन्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचं घासलं, तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. तो काढावा लागला.

आता कुणी म्हणेल, धर्माला बोल लावतेस. मुळीच नाही. मी स्वतः अनस्तमित पाळते, लग्नाआधीपासून. मला राग आहे तो धर्माला खोट्या कुबड्या देण्याचा. रात्री जेवू नये, कारण दिव्यावर येणारे जीव मरतात, हे आजीनं सांगितलेलं कारण मला पुरतं. त्या कारणाला कुठल्या परदेशी विद्यापीठाचा शिक्का लागत नाही. पण एकदा का तुम्ही ‘व्रत पाळा, साखर जाईल’ असं म्हणालात, की तुम्ही अहिंसेच्या अंगणातून उठून दवाखान्याच्या अंगणात आलात. तिथले नियम वेगळे. तिथं पुरावा दाखवावा लागतो, आणि चुकलात तर कुणाचा तरी अंगठा जातो.

आधी त्या नोबेलचं बघू. योशिनोरी ओसुमी यांना पारितोषिक मिळालं ते पेशी आपल्याच आतले जुने भाग मोडून पुन्हा कसे वापरते, त्यासाठी कुठली जनुकं लागतात, हे शोधल्याबद्दल. काम केलं ते यीस्टवर, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वावर. किण्वाला उपाशी ठेवलं की ही मोडतोड सूक्ष्मदर्शकात दिसते, हे खरं. काम मोठंच आहे. पण किण्वाला साखरेचा आजार नसतो, त्याला गोळ्या चालू नसतात, आणि पारण्याला त्याच्यासमोर कुणी पुरणपोळी वाढत नाही.

मग येतो खरा मुद्दा. दोन गोष्टी बरोबर दिसतात म्हणून एक दुसरीमुळं झाली, असं होत नाही. आपल्याकडं शेंबडं पोरही म्हणतं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण नुसता योगायोग असतो तेव्हा तरी बरं. योगायोग दोन-चारदा तपासला की उघडा पडतो. फसवणूक होते ती दोन्ही गोष्टींच्या मागं तिसरीच गोष्ट उभी असते तेव्हा. ती पुन्हा पुन्हा तपासली तरी पुन्हा पुन्हा तशीच दिसते.

‘जैन माणसं जास्त निरोगी’ हे वाक्य घ्या. समजू या की ते खरं आहे. २००१ च्या जनगणनेत जैनांची साक्षरता ९४.१ टक्के होती, देशाची ६४.८. शिकलेला माणूस दवाखान्यात लवकर जातो, पैसे असलेला औषध पुरं घेतो. मग निरोगीपण बटाटा न खाण्यानं आलं की बँकेतल्या पासबुकानं? हे वेगळं कसं करणार? आणि आमच्या भागातले जैन तर बहुतेक शेतकरी. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये निघाली ती याच शेतकरी समाजाला शाळेत घालायला. आमच्या लोकांचं पासबुक मुंबईच्या हिरेवाल्यांसारखं नाही, व्रतं मात्र आहेत. कुणी आमची वेगळी मोजणी करून, पैसा आणि शिक्षण सारखं असलेल्या शेजाऱ्यांशी ताडून बघितलं आणि मग बोललं तर मी कान देऊन ऐकेन.

आणखी एक खोच आहे, ती मला घरातच दिसली. सत्तरीनंतरही अनस्तमित पाळणाऱ्या बायका आमच्याकडं खरंच ठणठणीत दिसतात. का? कारण ज्यांना झेपेना त्यांनी सोडलं. माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर पाळलं आणि शेवटी रात्रीच्या गोळ्या अन्नावर घ्यायच्या म्हणून मुनिमहाराजांना विचारून सोडलं. आज कुणी गावात मोजणी केली तर सासूबाई ‘न पाळणाऱ्या आणि आजारी’ या रकान्यात पडल्या असत्या! आजारानं व्रत सुटलं, आणि कागदावर दिसलं असतं की व्रत सुटल्यानं आजार आला. कारण आणि परिणाम यांची चक्क उलटापालट.

हे काही परक्यांचं शास्त्र नाही. मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथं. आपल्या तर्कग्रंथांत मैत्री नावाच्या बाईचं उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. मैत्रीचे आतापर्यंतचे सगळे मुलगे काळे. म्हणून पोटातला मुलगाही काळाच होणार, कारण तो मैत्रीचा मुलगा. उदाहरणं भरपूर, उलटं उदाहरण एकही नाही, तरी अनुमान खोटं! कारण ‘मैत्रीचा मुलगा असणं’ आणि ‘काळं असणं’ यांत बांधील नातं नाही. जुने लोक म्हणायचे, काळेपणाचं खरं कारण आईनं गरोदरपणी खाल्लेली पालेभाजी. भाजीनं रंग काळा होतो ही समजूत चूकच, ते सोडा. पण तिसरी गोष्ट मागं उभी असू शकते, हे त्यांना लख्ख कळलेलं होतं. विजयनगरच्या काळात धर्मभूषण यतींनी ‘न्यायदीपिके’त हे मैत्रीचं पोर चर्चेला घेतलंय. आणि त्याच्या कितीतरी आधी पात्रकेसरी स्वामींच्या नावावर असलेलं मत आहे, की हेतू खरा कधी? तर साध्याशिवाय तो दुसऱ्या कशानंही उपपन्न होत नसेल तेव्हाच. अन्यथानुपपत्ती. दुसरं कुठलंही कारण चालत नाही ना, हे बघून मगच बोला. ज्यांच्या पूर्वजांनी हे शिकवलं त्यांनीच बस्तीत बसून ‘सिद्ध झालेलं आहे’ला टाळ्या द्याव्यात?

बरं, ही मंडळी अडाणी आहेत म्हणून असं बोलतात, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या एका परिषदेत एक निबंध सादर झाला. सुमारे २०,००० माणसांच्या नोंदींवरून दिसलं, की दिवसाच्या आठ तासांतच खाणाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण ९१ टक्के जास्त. बातमी आमच्या मोबाइलवर आली आणि तासाभरात त्याच मंडळींची उत्तरं आली. नुसतं बरोबर दिसलं म्हणून कारण होत नाही, दोन दिवसांचं खाणं विचारून काय कळतं, आजारी माणसंच कमी खात असतील! अगदी बरोबर. त्या अभ्यासात खरंच दोनच दिवसांचं खाणं विचारलं होतं. एकेक आक्षेप मला मान्य. मला एवढंच विचारायचंय, ही अक्कल दशलक्षणात कुठं गेली होती? गैरसोयीच्या बातमीला जी चाळणी लावता तीच सोयीच्या बातमीला का नाही?

आता दुसऱ्या बाजूचं बोलते, कारण तिथं माझं माहेर आहे. निपाणीकडचं. तंबाखूचं शेत. आमच्याकडं पाणी गाळून प्यायचे, कांदा-लसूण घरात नाही, आणि परड्यात तंबाखूची पानं वाळत घातलेली. तो वास अजून माझ्या नाकात आहे. १९८१ च्या एप्रिलमध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकरी रस्त्यावर बसले, गोळीबार झाला, माणसं मेली. तेव्हापासून आमच्या घरात तंबाखूबद्दल वाईट बोलणं म्हणजे मेलेल्यांचा अपमान. माझे काका शिकलेले, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. मी कॉलेजातून आले की ते मला म्हणत, “पोरी, तंबाखू खाणाऱ्यांना कॅन्सर होतोय खरं, पण तंबाखूनंच होतोय हे कुणी दाखवलंय? गरीब खातात, गरिबांचं दात घासणं नाही, खाणं नाही. कारण ते असंल की.” म्हणजे बघा, मी वर जे शहाणपण शिकवलं तेच काका तंबाखूच्या पोत्यावर बसून सांगत होते.

आणि काका एकटे नव्हते. रोनाल्ड फिशर, आजच्या संख्याशास्त्राचा पायाच घालणारा माणूस, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पाहुणा म्हणून येऊन गेलेला, तोही हेच म्हणत होता. डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये लंडनच्या रुग्णालयांतल्या माणसांवरून दाखवलं, की फुप्फुसाचा कर्करोग झालेल्यांत सिगारेट ओढणारे फार जास्त. पुढं त्यांनी सुमारे ४०,००० डॉक्टरांच्या सवयी लिहून घेतल्या आणि कोण कशानं मरतं ते वर्षानुवर्षं मोजलं. फिशर म्हणाले, माणसाच्या रक्तातच असं काही असेल जे त्याला सिगारेटही ओढायला लावतं आणि कर्करोगही देतं. तिसरी गोष्ट! फिशर स्वतः पाइप ओढत आणि तंबाखू कंपन्यांचे सल्लागार होते. डॉल यांनी मात्र आपल्याच अभ्यासाचे आकडे बघून सिगारेट सोडली.

तर मग काकांना उत्तर काय? ‘बरोबर दिसणं म्हणजे कारण नव्हे’ एवढं म्हणून थांबणारा माणूस अर्ध्या वाटेवर बसलेला असतो. तिसरी गोष्ट असू शकते म्हणालात ना, मग ती दाखवा, मोजा. १९५९ साली कॉर्नफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिशरना साधा हिशेब घातला. सिगारेट ओढणाऱ्यांत कर्करोग नऊ पट असेल आणि तो कुठल्या तरी छुप्या गोष्टीमुळं असेल, तर ती छुपी गोष्ट ओढणाऱ्यांत किमान नऊ पट तरी जास्त सापडली पाहिजे. अशी गोष्ट आहे कुठं? कुणाला सापडली नाही. त्यातून जास्त ओढणाऱ्याला जास्त, सोडणाऱ्याला कमी, आणि देशोदेशी तेच. आपल्याकडं मुंबईत संघवी, राव आणि खानोलकर यांनी १९५५ मध्येच तोंडाघशाचा कर्करोग आणि तंबाखू ओढणं-चघळणं यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. काकांनी तो वाचला नसणार. मीही फार उशिरा वाचला.

काकांचा गरिबीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. ते मुंबईच्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात आहे, २००४ सालचा. त्यातल्या तंबाखूवाल्या बायका बहुतेक मशेरी लावणाऱ्या. मशेरी म्हणजे आमच्या माहेरच्या निम्म्या बायका! सकाळी उठून चुलीपुढं बसून लावणार, ‘दात किडत नाहीत’ म्हणणार. अभ्यास करणाऱ्यांनी आईचं वजन, शिक्षण, घरची परिस्थिती हे सगळं हिशेबात धरलं, म्हणजे गरीब बाईची तुलना गरीब बाईशीच होईल असं बघितलं, आणि तरी मशेरीवाल्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. दिवस पुरे होण्याआधीची बाळंतपणंही जास्त. हिशेबात न धरलेलं अजून काही उरलं असेल का? असेल थोडंफार. पण आता काकांची पाळी आहे, काय उरलं ते त्यांनी सांगायचं.

तंबाखूच्या बाबतीत हे लांबचं वळण घ्यावं लागलं, कारण चिठ्ठ्या टाकून निम्म्या माणसांना वीस वर्षं तंबाखू खायला घालता येत नाही. औषधाच्या बाबतीत येतं. आणि ते आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे, हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः उठून उभी राहिले. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बाई मरते हे आपल्या आयांनी पाहिलेलं. मिसोप्रोस्टॉल नावाची स्वस्त गोळी ते थांबवते का? समजा नुसतं निरीक्षण केलं असतं तर काय झालं असतं? जिला रक्त जास्त जातंय तिलाच नर्सबाईंनी गोळी दिली असती, आणि वहीत दिसलं असतं की गोळी घेतलेल्यांनाच रक्त जास्त गेलं. गोळी बदनाम झाली असती! म्हणून २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर वेगळं केलं. १,६२० बाळंतिणी. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ. कुणाला कुठली हे नशिबानं ठरवायचं, आणि ते देणाऱ्या नर्सबाईलाही माहीत नाही, घेणारीलाही नाही. डॉक्टर नव्हते, २५ नर्सबायांनी बाळंतपणं केली. किती रक्त गेलं ते अंदाजानं लिहायचं नाही म्हणून खुणा केलेल्या प्लास्टिकमध्ये गोळा करून मोजलं. पोकळ गोळीवाल्यांत १२ टक्क्यांना जास्त रक्तस्राव झाला, खरी गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्क्यांना. दर अठरा बायकांमागं एक वाचली त्यातून. २०११ मध्ये या कामासाठी ही गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत गेली.

चिठ्ठी टाकण्याचं महत्त्व एवढंच, की श्रीमंत-गरीब, धडधाकट-अशक्त, माळ ओढणारी आणि न ओढणारी, सगळ्या दोन्हीकडं सारख्या वाटल्या जातात. जी तिसरी गोष्ट आपल्याला सुचलीही नाही, तीसुद्धा. आणि ही चिठ्ठीची युक्ती शेतातल्या प्रयोगांसाठी रुजवली कुणी? त्याच फिशरनी. माणूस आपलंच हत्यार आपल्याच पाइपवर चालवत नाही.

शिकलेल्या बायकांनी तर हा धडा घरात टांगून ठेवावा. पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांनी हृदयविकार कमी होतो, असं अमेरिकेत वर्षानुवर्षं मानलं गेलं, कारण गोळ्या घेणाऱ्या नर्सांत तो कमी दिसत होता. पण गोळ्या घेत होत्या त्या मुळातच तब्येत सांभाळणाऱ्या, पैसे बाळगून असलेल्या बायका. शेवटी १६,६०८ बायकांत चिठ्ठ्या टाकून बघितलं, आणि २००२ मध्ये तो प्रयोग मुदतीआधीच थांबवावा लागला. स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, सगळं गोळीवाल्यांतच जास्त निघालं. तोवर लाखो जणींनी त्या गोळ्या भक्तीनं गिळल्या होत्या, आणि लिहून देणारे सगळे पदवीधर होते. बस्तीतल्या वक्त्यांना एकट्याला फटके मारून माझं समाधान होत नाही ते यामुळं.

पंचकमिटीकडं मी गेले होते. म्हटलं, व्याख्यानं ठेवा, पण आजारी माणसानं औषध बंद करू नये एवढं एक वाक्य दारावर लावा. अध्यक्ष आमच्या नात्यातलेच. म्हणाले, “वैनी, तुमचं बरोबर हाय, पण त्यानं लोकांची श्रद्धा हलंल की हो.” मी विचारलं, श्रद्धा गोळीवर उभी आहे का? ते म्हणाले, बघूया. जाऊबाईच्या डॉक्टरांना मात्र पाच मिनिटंही लागली नाहीत. तिनं एवढंच सांगितलं की मी सूर्यास्तानंतर काही घेत नाही. त्यांनी गोळ्या बदलल्या, वेळा सकाळच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या केल्या, आणि उपवासाच्या दिवशी कुठली गोळी टाळायची ते कागदावर लिहून दिलं. अकरा वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं म्हणे.

परवा या वर्षीची पत्रिका आली. वक्ते तेच, विषय ‘आहारशुद्धी आणि कर्करोग’. मी या वेळी प्रश्न लिहून नेणार आहे, तीनच. किती माणसं, कुणाशी ताडलं, तिसरं काय असू शकतं. जाऊबाईला म्हटलं, तू नको येऊस, गर्दी असते. ती म्हणाली, “येते की. तू फक्त माझ्यासाठी दाराजवळची जागा धर, चप्पल काढून लांब चालवत नाही आता.”